वीझरचा टील अल्बम: नवं रूप कुठंय?

संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वीझर या अमेरिकन बँडच्या टील अल्बमवर टिपण वाचलं, मराठी पेपरात अल्टरनेटिव्ह रॉकला जागा मिळाली हेच खूप, पण त्यात 'जुन्या गाण्यांना नवं रूप दिलंय' असं जे लिहिलंय ना ते काही पटलं नाही. २४ जानेवारी २०१९ ला काही गाजावाजा न करता आलेला हा अल्बम मी पाच-सहा वेळा तरी ऐकलाय. दहाची दहा गाणी दुसऱ्यांची. नवं रूप कुठंय?

सुरुवात 'आफ्रिका'पासून झाली. टोटो या बँडचं १९८२ चं हे गाणं वीझरनं करावं म्हणून एक शाळकरी फॅन ट्विटरवर हात धुऊन मागे लागली, बँडनं आधी तिची फिरकी घेत टोटोचंच 'रोझॅना' काढलं, मग मे २०१८ मध्ये खरंच 'आफ्रिका' आणलं आणि ते बिलबोर्डच्या अल्टरनेटिव्ह चार्टवर पहिलं आलं, टोटोनंही वीझरचं 'हॅश पाइप' गाऊन परतफेड केली! हा किस्सा मला गाण्यापेक्षा जास्त आवडतो.

पण मग त्या गमतीचा अख्खा अल्बम कशाला? आ-हा बँडचं 'टेक ऑन मी' काय, मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' काय, जवळपास तसंच्या तसं. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात 'व्हॉइस ऑफ किशोर' असतो ना तसं, टाळ्या पडतात पण घरी येऊन माणूस किशोरच लावतो. फक्त 'नो स्क्रब्ज'ला मी हसलो आणि परत लावलं, कारण टीएलसीच्या पोरींचं ते १९९९ चं गाणं वीझरचा गायक रिव्हर्स क्वोमो हा बाप्या मुलीच्याच बाजूनं गातो आणि तेवढ्यानंच गाण्याला वेगळी चव येते.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपलं करून गाणं, कसं असतं ते निर्वाणा या रॉक बँडच्या एमटीव्ही अनप्लग्ड मैफलीत ऐका. नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क. स्वतःची बहुतेक हिट गाणी बाजूला ठेवून सहा गाणी दुसऱ्यांची, त्यात तीन मीट पपेट्सची, तीही त्या बँडमधल्या दोन्ही भावांना सोबत बसवून. डेव्हिड बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' तर आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांना अजून निर्वाणाचंच वाटतं (मलाही कॉलेजपर्यंत वाटायचं, खोटं कशाला बोलू).

१ मार्च २०१९ ला वीझरचा स्वतःच्या गाण्यांचा ब्लॅक अल्बमही आला. त्यावरही जरूर छापा, फक्त लिहिणाऱ्याला त्याआधी एकदा टोटोचं मूळ गाणं ऐकायला सांगा.

— एक वाचक, डोंबिवली