गळक्या डेकवर फायबरचा थर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लाकडी होड्यांच्या डागडुजीवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण गळक्या डेकवर फायबरग्लासचा थर देऊन निर्धास्त व्हावे, हा त्यातला सल्ला वाचून राहवले नाही. मी तेच केले होते.

माझी शिडाची होडी तीस फुटी, डेक सागवानी फळ्यांचा. पाऊस आला की खाली अंथरुणावर टिपटिप सुरू. कारागिराने दोन दिवसांत रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) आणि काचेचे कापड चढवून वरून रंग दिला. दोन वर्षे थेंब आला नाही. तिसऱ्या वर्षी डोलकाठीजवळ पाऊल टाकले की तळव्याखाली डेक किंचित दबू लागला. थर कापून उचलला, तर खालची तुळई काळपट तपकिरी, आडव्या-उभ्या भेगा पडलेली. बोटाने दाबली तर चौकोनी ढलप्या सुटून हातात आल्या. तो कुबट वास अजून नाकात आहे. अशा दोन तुळया बदलाव्या लागल्या.

लाकूड ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगते आणि आकसते, त्यामुळे फळ्यांच्या डेकचा प्रत्येक सांधा सतत हलत असतो. कडक थराला नेमकी तिथेच केसाएवढी चीर जाते. पाणी आत शिरते, पण वाळायला वाट उरत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. थराखाली ती एवढी उतरणार कशी? प्लायवूड फारसे हलत नाही, तिथे हाच थर उत्तम टिकतो. लेखात हा फरकच आलेला नाही.

आणि कुजवते ते समुद्राचे नव्हे, पावसाचे पाणी. खारे पाणी या बुरशीला मानवत नाही. व्हिक्टरी ही १७६५ साली पाण्यात उतरलेली ब्रिटिश लाकडी युद्धनौका १९२२ पासून इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे. समुद्र तिला शिवत नाही, तरीही तिच्या फळ्या कुजल्या आणि त्या बदलण्याचे मोठे काम २०२२ साली हाती घ्यावे लागले.

मग करायचे काय? आधी गळती शोधायची. पाणी टपकते तिथेच शिरलेले असते असे नाही, ते तुळईच्या कडेने हातभर सरकून येते. माझ्या डेकवर निम्मी गळती सांध्यांतून नव्हतीच, कठड्याच्या खांबांच्या बोल्टांमधून होती. बोल्ट काढून भोके मोठी केली, इपॉक्सीने (हेही एक रेझिनच) भरली, त्यातच नवी भोके पाडली. बोल्ट सीलंटवर (फट बुजवणाऱ्या रबरासारख्या लेपावर) बसवताना लगेच करकचून आवळू नये, सगळा सीलंट बाहेर येतो. बेताचा आवळून, तो सुकल्यावर उरलेले वेढे द्यावेत, तेही नट फिरवून. बोल्ट फिरला की बसलेला सीलंट तुटतो.

सांध्यांतला जुना भराव उकरून काढला आणि सुताची वळी छिन्नीने ठोकत आत बसवली. वळी बसत आली की ठोक्याचा आवाज भरीव होतो, तिथे हात थांबवायचा. जोर जास्त झाला तर फळ्याच एकमेकींपासून सरकतात. साग तेलकट, म्हणून कडा अ‍ॅसिटोनने पुसून मगच सीलंट. सुताची वळी न घालणाऱ्याने फटीच्या तळाशी न चिकटणारी पट्टी अंथरावी. सीलंट फक्त दोन्ही कडांना धरला तर फळ्यांबरोबर ताणला जातो. तळालाही चिकटला की कडेने सुटलाच म्हणून समजा.

हे काम फार वेळखाऊ आहे. मला एकटीला चार महिने लागले, त्यातले दोन तर नुसता थर खरवडण्यात गेले.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात फळ्यांचा डेक आणि प्लायवूडचा डेक निदान वेगवेगळे सांगावेत. आज कुणी रेझिनचा डबा उघडायच्या बेतात असेल, त्याच्यापर्यंत हे वेळेत पोचावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक