क्यूवरील नक्षी जडवलेली की छापलेली?

महोदय,

ठाणे-वाशीतील पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणारे तरुण आता संग्रहासाठीही महागड्या क्यू, म्हणजे चेंडू टोलवायच्या लाकडी काठ्या, विकत घेऊ लागले आहेत. मात्र अनेक क्यूंवरची टोकदार नक्षी निव्वळ छापील असते. जॉर्ज बालाबुष्का (१९१२–१९७५) यांच्यासारख्या अमेरिकी कारागिरांच्या परंपरेत मेपलच्या फिकट लाकडात खाचा पाडून गडद लाकडाची टोके बसवतात, त्यांच्या कडांना रंगीत लाकडी पापुद्रे जोडतात आणि मुठीवर आयरिश लिननचा दोरा गुंडाळतात. ही टोके मुळात केवळ शोभेची नव्हतीच, तो दोन लाकडे एकमेकांत गुंतवणारा सांधा होता! म्हणून नक्षी जडवलेली आहे की छापलेली, हे विक्रेत्यांनी पावतीवर स्पष्ट लिहावे. जुन्या क्यूंमध्ये हस्तिदंतही आढळतो, आणि त्याच्या व्यापारावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, याचीही ग्राहकांना कल्पना द्यावी.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, ठाणे