अंदमानची फिशिंग बोट : शनिवारपर्यंत नावे द्या

सभासदांनो, अंदमान सहलीत अर्ध्या दिवसासाठी खासगी फिशिंग बोट घेत आहोत. शनिवारी संध्याकाळी ७ पर्यंत चिटणिसांकडे दादरला नाव आणि आगाऊ रक्कम द्यावी. भाडे अख्ख्या बोटीचे असते, माणशी नव्हे; ऐनवेळी चौघांतल्या एकाने माघार घेतली तर बाकीच्या तिघांवर बोजा पडतो.

बोट पहाटे ५.३० ला सुटेल. तिथे सूर्य मुंबईपेक्षा तासाभराहून अधिक लवकर उगवतो. अर्ध्या दिवसाचे चार तास जेटी ते जेटी मोजतात, तेव्हा लांबचा स्पॉट मागू नका.

बुकिंगआधी बोटवाल्याकडून लेखी घेणार आहोत :
- डिझेल, आमिष, रॉड-रील, लाइफ जॅकेट भाड्यात आहे का?
- तुटलेल्या ल्यूरचे (नकली आमिषाचे) पैसे कोणाचे?
- समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरी तारीख? (म्हणूनच सहलीचा शेवटचा दिवस टाळला आहे.)

गळ, पक्कड चेक-इन सामानातच ठेवा. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी; उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

जायंट ट्रेव्हली (एक मोठा समुद्री मासा) मिळाली तर सोडायचीच. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करा आणि मासा ओल्या हातांनी धरा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही दगावू शकतो.