टॅरँटुला आणि घोण पाळण्यातली खरी गोम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टॅरँटुलासारखे मोठे केसाळ कोळी आणि वीतभर वाढणाऱ्या घोणी घरात पाळण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते, आणि तो म्हणजे ‘चावली तर काय?’ गेली अकरा वर्षे मेक्सिकोतील ‘रेडनी’ (लाल गुडघ्यांच्या) जातीची टॅरँटुलाची एक मादी मी सांभाळतो आहे. तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही, पण या छंदातली खरी गोम त्यात नाही, असे माझे मत झाले आहे. माणसाला या प्राण्यांपासून जेवढा धोका आहे, त्याहून कितीतरी अधिक धोका त्यांना आपल्यापासून आहे.

विषाचा मुद्दा आधी संपवतो. टॅरँटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. अमेरिका खंडातील बऱ्याच जाती चावण्याआधी मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस झाडतात. ते त्वचेवर पडले तर खाज सुटते, पण डोळ्यात रुतले तर दुखणे महिनोन्‌महिने चालते. भारत आणि श्रीलंकेतील झाडांवर राहणाऱ्या पीसिलोथेरिया या कोळ्यांना असे केस नसतात; मात्र त्यांचा दंश झाल्यास स्नायूंत तीव्र गोळे येतात. घोणीचे प्रकरण याहून अवघड आहे. तिची नांगी म्हणजे खरे तर पायांची पहिली जोडीच, विषारी आकड्यांत रूपांतरित झालेली. दंशाची आग असह्य असते, तिची चपळाई थक्क करणारी असते आणि बोटभर फट मिळाली तरी ती पेटीबाहेर असते. नवख्याने घोणीच्या वाटेला जाऊच नये.

आता प्राण्याच्या बाजूने पाहू. टॅरँटुला तळहातावर घेऊन काढलेली चित्रफीत लोकांना आवडते, परंतु त्या कोळ्याचे पोट पातळ कातडीच्या पिशवीसारखे असते आणि कमरेइतक्या उंचीवरून पडला तरी ते फुटून तो मरू शकतो. शिवाय तो मालकाला ओळखत नाही, त्याला माया लागत नाही. हातावर तो शांत बसतो याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो. घोणीच्या बाबतीत ओलाव्याला महत्त्व आहे. तिच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणचट थर जवळजवळ नसतोच, त्यामुळे कोरड्या पेटीत ती लवकर सुकते. अंडी घातलेली मादी त्यांच्याभोवती वेटोळे घालून दिवसेंदिवस उपाशी राहते, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून ती चाटत राहते. पण कुतूहलापोटी कोणी वारंवार झाकण उघडले, तर तीच ती अंडी खाऊन टाकण्याची शक्यता असते. शंभर पायांच्या गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, असे आपण म्हणतो. तिच्या पायांच्या जोड्या विषम संख्येत असल्यामुळे पाय नेमके शंभर कधी भरत नाहीत, पण म्हणीतले निरीक्षण चुकीचे नाही, कारण तुटलेला पाय पुढे कात टाकताना पुन्हा फुटतो.

कात टाकण्यावरून माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्याच वर्षी माझ्या मादीने दोन महिने अन्नाला तोंड लावले नाही आणि एके सकाळी ती उताणी पडलेली दिसली. मेली असे समजून मी तिला कागदावर उचलून टाकणार, एवढ्यात एक पाय किंचित हलला. मग पाहिले तर पाठीवरची ढाल डबीच्या झाकणासारखी उचलली गेली होती आणि त्यातून एकेक पाय, मोज्यातून काढावा तसा, अत्यंत सावकाश बाहेर येत होता. सगळे आटोपायला दुपार झाली. नवे दात तेव्हा पांढरे आणि मऊ होते. मी आदल्या रात्री सोडलेला जिवंत रातकिडा पेटीतच फिरत होता. अशा अवस्थेत रातकिडासुद्धा कोळ्याला कुरतडून मारू शकतो, हे विकणाऱ्याने मला सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

याहून महत्त्वाचा प्रश्नही मी विचारला नव्हता, तो म्हणजे हा प्राणी आला कुठून. आंध्र प्रदेशातील गूटी या गावाच्या नावाने ओळखला जाणारा निळा कोळी, पीसिलोथेरियाचीच एक जात, तेथे सापडलेल्या एकाच नमुन्यावरून 1899 मध्ये नोंदला गेला. तो पुन्हा सापडला 2001 मध्ये, शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही लहान अशा जंगलाच्या तुकड्यात. आज तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि तरीही जगभरच्या हौशी लोकांच्या पेट्यांत तो दिसतो. पीसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती 2019 मध्ये साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आल्या. मेक्सिकोच्या रेडनीला तर ते संरक्षण 1985 पासूनच आहे. मात्र पैदाशीतले पिल्लू कोणते आणि जंगलातून उचललेला प्राणी कोणता, हे नुसते पाहून ओळखता येत नाही.

माझी मादी मी घेतली तेव्हाच पूर्ण वाढलेली होती. या जातीच्या मादीला वयात यायला सहा-सात वर्षे लागतात. इतकी वर्षे पोसून कोणी ती माझ्यासारख्या नवख्याला स्वस्तात विकली असेल, असे आता मला वाटत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक