दोन टोल्यांचा हिशोब

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती माणसाच्या देण्याबद्दल बोलणं निघालं की त्या गरीब विधवेची गोष्ट येतेच. मंदिराच्या दानपेटीत तिने दोन टोल्या टाकल्या, अगदी क्षुल्लक नाणी, आणि येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं की हिनेच सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी भरपूर होतं त्यातलं दिलं आणि हिने पोटाला होतं तेवढं सगळं दिलं.

मला खटकतं ते हे, की ही गोष्ट नेमकी गरिबालाच ऐकवतात. बघ तिने सगळं दिलं, तू पण दे, दहापट परत मिळेल वगैरे. अहो पण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, त्याच 12व्या अध्यायात लगेच आधी येशू काय म्हणतोय ते वाचा ना, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांपासून, सांभाळून राहा! मग ही गोष्ट विधवेला पिळायला कशी वापरता? ती ज्यांचं पोट भरलंय त्यांच्यासाठी आहे, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी.

येशूचा प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवत होता तेव्हा मासेदोनिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्या स्वतःच हलाखीत होत्या, तरी आम्हालाही यात घ्या म्हणून त्यांनीच विनवणी केली, कोणी मागे लागलं नव्हतं. आणि करिंथ शहरातल्या मंडळीला पौल स्पष्ट लिहितो की दुसऱ्यांना आराम आणि तुमची ओढाताण असं नको, बरोबरी व्हावी.

दावीद राजाला देवाची वेदी बांधायला अरवना नावाच्या माणसाचं खळं फुकट मिळत होतं, बैलसुद्धा, पण ज्यासाठी मला काही मोजावं लागलं नाही ते मी देवाला अर्पण करणार नाही म्हणाला आणि 50 शेकेल चांदी मोजली.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका माणसाचा हिशोब सांगितलाय. वर्षाला 30 पौंड मिळायचे तेव्हा तो 28 मध्ये भागवायचा आणि 2 द्यायचा, पुढे 60 झाले, 90 झाले, 120 झाले, तरी स्वतःला 28च, चौथ्या वर्षी 92 पौंड गरिबांना.

मी इतकी वर्षं दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, चर्चला न चुकता देतोय आणि त्याचा मला अभिमान होता, खरंच होता. पगार कितीतरी वाढला, दशांश दशांशच राहिला, माझं एक काम त्यामुळे कधी अडलं नाही. हा हिशोब वाचल्यापासून मी दानाच्या पाकिटात टाकलेल्या रकमेपेक्षा घरी उरलेली मोजायला लागलोय, आणि प्रार्थनेला बसलो की तीच आठवते.

आपला,
एक वाचक