बाळाचं अंग तापलं नाही म्हणून थांबू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नवजात बाळाच्या प्रतिकारशक्तीवर लेख आला होता. ‘बाळाची प्रतिकारशक्ती कमी असते, ती वाढवा’ एवढं सांगून लेखक थेट बाटलीतले थेंब, घुटी आणि मधाच्या बोटावर आले, आणि शेवटी ‘ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे’ असं लिहून मोकळे झाले. थेंबांत फार तर पैसे जातात. या शेवटच्या वाक्यापायी आमच्याकडे लेकरं जातात, म्हणून हे पत्र.

मी माणसांचा डॉक्टर नाही. घाटंजी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. गावाच्या भाषेत ‘ढोराचा डॉक्टर’. थोरली सून आशाताई आहे, तिच्या प्रशिक्षणाची पुस्तकं घरात पडलेली असतात आणि छापलेलं दिसलं की वाचायचं ही माझी खोड.

गेल्या पौषात आमच्या गल्लीतलं पाच दिवसांचं लेकरू आईच्या अंगावर पिईना. रडणं बारीक झालं, तळपाय गार. घरात पाचवीची तयारी चाललेली. सून म्हणाली, दवाखान्यात न्या. आजीबाईंचं उत्तर तयार होतं : “आंग तं तपलं नाई, मंग काहून न्याचं?” सुनेनं थर्मामीटर लावला तर पारा, म्हणजे आकडा, ३५ च्या खाली. तेव्हा कुठं गाडी बोलावली. जंतुसंसर्गच निघाला. लेकरू वाचलं, आता रांगतं आहे. पण आजीबाईंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसाला लावायची परीक्षा त्यांनी बाळाला लावली, आणि आपल्या लेखानंही तीच लावली आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात जंतू शिरले की पेशी एकमेकींना हाकारे देतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन अशी त्या रसायनांची नावं. त्यातून हुडहुडी भरते, ताप चढतो, पांढऱ्या पेशींची फौज धावते. पाच दिवसांच्या बाळात या हाका दबक्या असतात, उलट ‘शांत राहा’ सांगणारी रसायनं, उदाहरणार्थ इंटरल्यूकिन-१०, तुलनेनं जास्त. रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं, जी जंतूंना चिकटून त्यांना भोकं पाडतात, ती प्रौढाच्या साधारण निम्मीच. आणि बाळाला कुडकुडताच येत नाही. म्हणून संसर्ग झालेलं बाळ तापेलच असं नाही; ते गार पडू शकतं, मलूल होतं, दूध ओढणं सोडतं.

रक्ताच्या रिपोर्टचंही तसंच. ‘पांढऱ्या पेशी वाढल्या नाहीत, म्हणजे इन्फेक्शन नाही’ हे वाक्य मी गावात कितीदा तरी ऐकलं आहे. आपल्या हाडांच्या मगजात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा चांगला साठा असतो, गरज पडली की बाहेर पडतो. नवजाताचा साठा लहान, पेशी जागेवर पोचायलाही हळू. जोराच्या संसर्गात तो साठा संपतो आणि आकडा वाढायच्या ऐवजी घसरतो. तिथं घसरलेला आकडा जास्त भीतीचा.

पण याला ‘कमकुवत’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. नऊ महिने ज्या पोटात राहायचं, त्या आईच्या पेशींशी भांडण करून कसं चालेल? आणि जन्मताच कातडीवर, तोंडात, आतड्यात अब्जावधी जंतू वस्तीला येतात. त्यातल्या प्रत्येकावर बाळ तुटून पडलं तर आतड्याचीच जाळपोळ होईल. २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात उंदरांवरचा एक अभ्यास आला. मोठ्या उंदराच्या रोगप्रतिकारक पेशी नवजात पिल्लात घातल्या, तर त्या तरबेज पेशीही तिथं गप्प झाल्या. त्यांना गप्प करत होत्या पिल्लाच्या अंगातल्या कोवळ्या तांबड्या पेशी. मानवी नाळेच्या रक्तातही अशा पेशी भरपूर सापडल्या. त्या काढल्या तर पिल्लं लिस्टेरिया आणि ई. कोलाय या जंतूंपुढे जास्त टिकली, पण आतड्यातल्या पेशी विनाकारण भडकल्या. म्हणजे आवाज मुद्दाम खाली ठेवलेला असतो. मग बाटलीतले चार थेंब पाजून तुम्ही नेमकं काय वाढवणार, हे लेखकानं सांगावं.

बाळाला संरक्षण हवंच, ते आईकडून येतं, आणि इथं मला माझ्या नोकरीतलं सांगू द्या. गाईच्या वारेतून प्रतिद्रव्यं वासरापर्यंत पोचत नाहीत. वासरू जवळपास रिकाम्या हातांनी जन्माला येतं, त्याला सगळं चिकातून मिळतं, तेही पहिल्या काही तासांत. दिवसभरात आतड्याचं ते दार बंद होतं. हे मी गोठ्यागोठ्यात सांगत फिरलो आणि लोकांनी ऐकलं. माणसाचं तसं नाही. आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं वारेतून बाळाला मिळतात, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे ती आईइतकी, कधी जास्तही असतात. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्याकडे खूप कमी. गरोदरपणी आईला दिलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन याच वाटेनं बाळाला वाचवतं. मानवी चिकाचं काम निराळं : त्यातलं आयजीए हे प्रतिद्रव्य रक्तात जाण्यापेक्षा आतड्याच्या अस्तरावर राहून पहारा करतं. आणि गंमत पाहा, वासराला वेळेवर चीक पाजणाऱ्या घरातच बाळंतिणीचा चीक पिळून टाकतात. म्हणे “जड असते, लेकराले पचत नाई.”

त्या चिकाऐवजी गुळाचं पाणी किंवा मध. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यातली जुनी वस्ती त्यांना रुजू देत नाही. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते, तिथं ते रुजून विष तयार करू शकतात. एक वर्षाच्या आत मध नाही, हा सरळ नियम आहे. तुमच्या लेखात मधाचं बोट छापून आलं, त्याची दुरुस्ती छापावी.

आतड्यात कोणते जंतू आधी येतात याला महत्त्व आहे, हे ओडिशातल्या खेड्यांत दिसलं. तिथं ४,५५६ बाळांच्या चाचणीत निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम हा उपकारक जंतू त्याच्या खाद्यासह आठवडाभर दिला. रक्तातला संसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. ही सगळी बाळं अंगावर पिणारी होती, आणि दिलेला जंतू पारखून निवडलेला होता. दुकानातली कुठलीही बाटली म्हणजे ते नव्हे.

आणि उपाय शोधायला लांब जायला नको. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. गावच्याच बाया घरी जाऊन बाळ तपासत, लक्षणं ओळखत, गरज पडल्यास जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. त्यातली घरी जाऊन बाळ तपासायची पद्धत २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटींत आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. सून दारात आली की काही घरांत “आता काहून आली?” म्हणतात, तेवढं थांबलं तरी पुष्कळ.

वरच्या लोकांना एक सांगणं आहे. पाऱ्याच्या जुन्या थर्मामीटरची पट्टी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते, गार पडलेलं बाळ किती गार आहे हे त्यावर कळत नाही. आशांच्या पिशवीतला डिजिटल थर्मामीटर खालपर्यंत दाखवतो, पण सेल संपला की तो खेळणं होतो. सेल वेळेवर मिळावेत. मागणी एवढी छोटी आहे की मागायलाच लाज वाटते.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या पुरवणीत एक चौकट छापा. पहिल्या महिन्यातलं बाळ अंगावर पिणं सोडत असेल, अंग ३५.५ अंशांच्या (सुमारे ९६ फॅरनहाइट) खाली किंवा ३७.५ (९९.५) च्या वर असेल, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, मलूल असेल किंवा झटके येत असतील, तर यातलं एक लक्षण पुरे, त्याच वेळी १०८ ला फोन. अक्षर मोठं ठेवा. पेपर आमच्याकडे दुपारच्या एसटीनं येतो, सून ती चौकट कापून अंगणवाडीच्या दारावर चिकटवायला बसलीच आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ