विषय: व्हायब्रेशन पट्ट्यांच्या जोडसेटचं पेअरिंग टिकत नाही – चौथी तक्रार

व्यवस्थापक,

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. चौथा. म्हणून आता लेखी देते.

कुत्र्याच्या गळ्यातला, रिमोटने थरथरणारा तुमचा पट्टा चार्जिंगला लावला की त्याचं पेअरिंग, म्हणजे रिमोटच्या ठरावीक चॅनलशी जोडणी, पुसलं जातं आणि दोन्ही पट्टे चॅनल १ वर येतात, एकाच बटणाने दोन्ही थरथरतात. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पट्ट्याचं बटण ५ सेकंद दाबून, दिवा लुकलुकल्यावर रिमोटवर २ दाबलं. दर वेळी दाबलं. पुढच्या चार्जिंगला पुन्हा तेच.

घरातला डाल्मेशियन जन्मापासून बहिरा आहे, १२ वर्षांच्या लॅब्रॅडॉरला वयामुळे ऐकू येत नाही. डॅशहुंडला क्लिकर, म्हणजे ‘बरोबर केलंस’ सांगणारी टक् वाजणारी डबी, पुरतो. बहिऱ्या कुत्र्याला थरथर म्हणजे ‘माझ्याकडे बघ’ ही हाक. सेकंदभरही नाही इतकी थरथर, मान वळली की लगेच मटारएवढा खाऊ, असं १०-१५ वेळा. ही हाक पक्की झाली की मगच हाताच्या खुणा, आणि बरोबर केलं की क्लिकऐवजी अंगठा वर. हाक आली पण खाऊ नाही, असं होत राहिलं तर कुत्रा बघायचंच सोडतो.

तिघांना शिकवताना एकाची पाळी असते, बाकीचे आपापल्या चटईवर. तिथे थांबल्याबद्दल त्यांनाही खाऊ. आता डाल्मेशियनला ‘गोल फिर’साठी हाक मारली की लॅब्रॅडॉरचा पट्टाही थरथरतो. त्याचे खुबे झिजलेत. तो पुढचे पाय रोवतो, मागचे फरशीवर घसरतात, दुसऱ्यांदा जोर लावून उठतो आणि माझ्यापर्यंत चालत येतो. त्याला कोणी बोलावलेलंच नसतं.

हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, मग सगळ्यांना एकच ट्रिक शिकवा ना.” मी म्हटलं, लॅब्रॅडॉरला गोल फिरवायचं नाही, त्याला दुखतं. “मग त्याला काय शिकवताय?” तळहाताला नाक लावायला. त्यावर ते चक्क हसले. “१२ वर्षांच्या कुत्र्याला आता ट्रिक कशाला? त्याचा पट्टा काढून ठेवा.” पैसे दोन पट्ट्यांचे घेतलेत, तेव्हा कुत्र्याचं वय विचारलं नव्हतंत. तळहातामागे नाक नेणारा कुत्रा डॉक्टरांकडे वजनकाट्यावर आपण होऊन चढतो, त्याला मागून ढकलावं लागत नाही. दुखऱ्या खुब्यांच्या कुत्र्याला ट्रिक शिकवतात ती यासाठी. हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस तुम्ही मदतीला बसवलाय!

आणि पुस्तिकेतला पहिला धडा सरसकट सगळ्या कुत्र्यांना ‘मागच्यावर बसून पुढचे पाय वर’. डॅशहुंडच्या लांब पाठीत मणक्यातली चकती सरकायचा धोका मुळातच जास्त असतो. ते पान काढा.

पेअरिंग टिकत नाही, हे पुन्हा लिहिते. १५ दिवसांत पेअरिंग टिकणारा सेट द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. चारही कॉलच्या तारखा लिहून ठेवल्यात. लॅब्रॅडॉरचा पट्टा मी काढलाय, पण तुमच्या माणसाच्या सल्ल्यावरून नव्हे. सेट न्यायला माणूस पाठवा.

– एक ग्राहक